देवाला दिलेला मुलगा

रविवार, १९ जानेवारी

आजपासून रोज काहीतरी लिहायचं, असा हुकूम आहे. ओहोळ साहेबांचा. ओहोळ साहेब म्हणजे आमच्या चर्चचे पाळक. तरुण संघाचं प्रार्थना शिबिर गुरुवारी सुरू होतंय, मनोरीला, समुद्रावर. जे येणार त्यांनी आधीपासून मनातलं सगळं कागदावर उतरवायचं, म्हणजे तिथं देवाचं ऐकायला मन रिकामं राहतं म्हणे. मी अंधेरीला डबिंग स्टुडिओत असिस्टंट आहे. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकतो म्हणून मला पगार मिळतो. ऐकायचं कसं ते मला शिकवू नका, असं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

लिहायचंच तर सरळ लिहितो. या शिबिरात माझी वाट लागणार आहे.

कारण मी देवाला दिलेला मुलगा आहे. हे आमच्या चर्चच्या अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे. मी सातव्या महिन्यात झालो, मूठभर. डॉक्टरांनी हात वर केले होते. आईनं त्या काचेच्या पेटीबाहेर उभं राहून शब्द दिला, की हा जगला तर तुझा, तुझ्या सेवेला देईन. मी जगलो. तेव्हापासून चर्चमधल्या मावश्या मला 'आमचे छोटे पाळक' म्हणतात. आता मी चोवीस वर्षांचा आहे, दरवाजातून वाकून जावं लागतं, तरी छोटेच. बाबा गेले तेव्हा दफनाच्या वेळी एका आजोबांनी माझा हात धरून सांगितलं, आता लवकर सेमिनरीत जा, बाबांना बरं वाटेल.

जूनमध्ये पुण्याच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक व्हायच्या कॉलेजात, प्रवेश आहेत. पण आमच्यात नुसत्या आईच्या शब्दावर भागत नाही. मुलाला स्वतःला पाचारण व्हावं लागतं, म्हणजे देवानं बोलवावं लागतं. ते काही अजून झालेलं नाही. शिबिर त्याचसाठी. आणि तिकडे धवलदा, आमचा मुख्य रेकॉर्डिस्ट, परवा म्हणाला, मार्चपासून तू एकटा कन्सोलवर बस, मला बघायला यायची गरज नाही. मी संडासात जाऊन नाचलो. आईला सांगितलं नाही.


मंगळवार, २१ जानेवारी

कामावरून आलो तर आई आणि शेजारच्या शुभाकाकू गॅलरीत बसल्या होत्या. मला बघून दोघी गप्प. आई शाळेत तीस वर्षं मास्तरीण होती, तिला गप्प बसायची सवय नाही. काकूंच्या तोंडून 'नवस' एवढाच शब्द माझ्या कानावर आला. काकूंच्या भाचीला मूल होत नाहीये, तिचं काहीतरी असेल. आमच्यात नवस नसतो, आणि आई काकूंना त्यावरून काही लेक्चर देत नसेल तर बरं. दोघींची पंधरा वर्षांची मैत्री आहे. धर्मावरून एकदाच भांडण झालं होतं, तेही नाताळच्या करंज्यांत खसखस घालायची का यावरून.

रात्री जेवताना आईनं एकदम विचारलं, मार्चपासून तू एकटा बसणार म्हणे? मी दीप्तीकडे बघितलं. माझी मोठी बहीण. तिच्या पोटात तीळ भिजत नाही. आई म्हणाली, खूश आहेस का? मी म्हटलं, ठीक आहे. ती म्हणाली, दीप्ती म्हणत होती तू फार खूश आहेस. मग ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. टोमणे मारणं तिच्या स्वभावात नाही, पण हे त्यापेक्षा वाईट होतं.


बुधवार, २२ जानेवारी

बॅग आईनं भरली. स्वेटर, टॉवेल, खाकरे, पोटाची गोळी. भरता भरता म्हणाली, तुला नसेल जायचं तर नको जाऊ. एवढी वर्षं मला या दिवसासाठी तयार केलं आणि आता ऐन वेळी माझी परीक्षा घेते. मी म्हटलं, जातो ना, तूच म्हणतेस ना. ती म्हणाली, मी म्हणते म्हणून नको. तिथं जे खरं असेल तेच बोल, एवढंच कर.

म्हणजे खरं तर तिचं म्हणणं असं, की बोलावणं आलं तर लाजू नकोस, उभा राहा. कळतं मला.

मीही मग तिच्यावर डाफरलो. तिला साखरेचा त्रास आहे, सकाळ-संध्याकाळ गोळ्या. मागच्या महिन्यात दोनदा विसरली आणि साखर साडेतीनशेवर गेली होती. म्हटलं, मी नाही आणि दीप्ती सकाळी आठला बँकेत निघते, तुझ्याकडे बघायला कुणी नाही. काहीही झालं तरी गोळी चुकवायची नाही. माझी शपथ. आमच्यात शपथ घालत नाहीत, तरी घातली. ती हसली आणि म्हणाली, बरं, घेतली शपथ, गोळी चुकवणार नाही. आईनं एकदा शब्द दिला की संपलं, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार.


गुरुवार, २३ जानेवारी

मार्व्याहून होडीनं खाडी ओलांडली आणि मग रिक्षानं इथवर आलो. जागा मात्र झकास. शेवटचा बंगला, त्यापुढे नुसती सुरूची झाडं आणि वाळू. फोन आल्या आल्या एका टोपलीत जमा करून घेतले. रोज संध्याकाळी घरी एक फोन करायला मिळेल. माझ्या खोलीत नितेश आहे, विक्रोळीचा. त्याला सगळं सोपं वाटतं. रिक्षात बसल्यापासून मला सांगतोय की त्याला देव काहीतरी सांगणार आहे, त्याला आतून जाणवतंय. मला आतून फक्त भूक जाणवत होती.

संध्याकाळी घरी फोन. आईनं पहिल्यांदा विचारलं, काही ऐकू आलं? मी म्हटलं, अगं आत्ताच आलोय. ती म्हणाली, हो हो, बरं. मी विचारलं, जेवलीस का? तर म्हणाली, तू तुझं बघ. गोळी? घेतली, म्हणाली, शपथ घातलीस ना.

तिनं मी काय जेवलो ते विचारलं नाही. असं कधी होत नाही.


शुक्रवार, २४ जानेवारी

आज दुपारपर्यंत मौन आणि उपास. आमचा उपास म्हणजे खरा उपास, नुसतं पाणी. अकरानंतर माझ्या पोटाचा आवाज सगळ्या प्रार्थनेत उठून ऐकू येत होता. नितेशला हसू आवरेना.

प्रत्येकानं एकटं बसायचं होतं, एकमेकांपासून लांब. मी पार पुढे गेलो, जिथं कोळ्यांचे बोंबील वाळत घातलेले असतात. डोळे मिटून बसलो. खरंच मनापासून बसलो, टाइमपास केला नाही, हे इथं लिहून ठेवतो. म्हटलं, प्रभू, बोलवायचं तर बोलव, मी येतो. आईसाठी येतो. मग ऐकत राहिलो. लाट फुटल्यावर वाळूत पाणी मुरताना बारीक चुरचुर होते, ती ऐकली. सुरूतून वारा जातो त्याचा आवाज पावसासारखा लागतो, आम्ही स्टुडिओत तो खरंच पाऊस म्हणून वापरलाय. लांब कुणीतरी इंजिन चालू करत होतं, ते लागत नव्हतं. कोळीण पोराला शिव्या देत होती. सगळं ऐकू आलं. मला हाक मारली नाही कुणी.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, माझ्या मनात आलं की हा आवाज आपल्याकडे रेकॉर्डर असता तर घेतला असता. देवाच्या दारात बसून मला कामाची आठवण येते. रडू आलं मला. एवढा मोठा घोडा आणि वाळूत बसून रडतोय.

दुपारी ओहोळ साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, घाई नको, काही जणांना हाक येतच नाही, त्यांना देवानं जिथं ठेवलंय तिथंच काम असतं. भला माणूस आहे. पण त्यांना माझ्या आईसमोर उभं राहायचं नाहीये.

संध्याकाळी फोन. आईचा पहिला प्रश्न तोच. मी म्हटलं, नाही गं आई, काही नाही. तर म्हणाली, नाही? मी म्हटलं, नाही. ती चक्क हसली. बरं बरं, म्हणाली, असू दे. आवाज एकदम हलका. बिचारी, मला वाईट वाटू नये म्हणून किती नाटक करते. दम लागल्यासारखी बोलत होती, पण म्हणाली, आत्ता जिना चढून आले.

मग दीप्तीनं फोन ओढला. शुभाकाकूंनी काल आणि आज आईसाठी साबुदाण्याची खिचडी आणली, आणि आईनं ती सगळी दीप्तीला खायला लावली. काकूंचा कुठला तरी उपास चाललाय वाटतं, म्हणाली. मी म्हटलं, मला पण ठेव थोडी.


शनिवार, २५ जानेवारी

मी उभा राहिलो.

सूर्य बुडायच्या वेळेला सगळे वाळूत गोल बसलो होतो. नितेशनं साक्ष दिली. आमच्यात साक्ष म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. तो म्हणाला, त्याला स्पष्ट शब्द ऐकू आला. रडला. सगळे रडले. मग ओहोळ साहेबांनी विचारलं, आणखी कुणाला प्रभूनं सेवेला बोलावलं असेल तर त्यानं उभं राहावं, नसेल तर बसून राहण्यात कमीपणा नाही. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला आईचं कालचं हसणं आठवलं. ते खोटं हसणं. मी अजून चोवीस वर्षं बसून राहिलो तर ती अजून चोवीस वर्षं असंच हसेल. गुडघे आपोआप सरळ झाले. मी म्हटलं, मला पण बोलावणं आलंय. कुठून आवाज निघाला माझा, माहीत नाही. सगळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले. नितेशनं मिठी मारली. ओहोळ साहेबांनी हळूच विचारलं, नक्की ना रे? मी म्हटलं, नक्की.

लगेच फोन केला. म्हटलं, आई, आलं. ती म्हणाली, काय आलं? बोलावणं आलं, मी उभा राहिलो सगळ्यांसमोर.

मला वाटलं फोन कट झाला. मी हॅलो हॅलो केलं. मग ती म्हणाली, "तुला नक्की ऐकू आलं, सुयोग?"

"हो गं."

"बरं," ती म्हणाली. "मग त्याची इच्छा."

आणि फोन ठेवला. आनंदानं बोलता येईना तिला. एवढी वर्षं वाट बघितली. जाऊ दे, एकदा तरी तिला हवं ते मी दिलं. धवलदाला सोमवारी सांगेन.


रविवार, २६ जानेवारी

हॉस्पिटलच्या बाकावर लिहितोय, दुसरं काय करू.

सकाळी उपासना चालू असताना ओहोळ साहेबांनी मला बाहेर बोलावलं. दीप्तीचा त्यांच्या फोनवर फोन आला होता. आई मोरीत पडलेली सापडली, घामानं चिंब, हाकेला ओ नाही. साखर इतकी खाली गेली होती की डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं. मी म्हटलं, खाली कशी, तिची तर चढते. ते म्हणाले, पेशंट गेले काही दिवस जेवलेले दिसत नाहीत आणि गोळ्या मात्र चालू होत्या. कोणी लक्ष देत नव्हतं का घरी?

दीप्ती म्हणते, मी विचारायचे तेव्हा जेवले म्हणायची. सिंकमध्ये ताट असायचं रे, धुतलेलं.

आई अजून शुद्धीवर नाही.


सोमवार, २७ जानेवारी

शुभाकाकू आल्या. बाकावर माझ्या बाजूला बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. म्हणाल्या, मी मारलं रे तुझ्या आईला. मी म्हटलं, काकू, काय बोलताय?

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते जसंच्या तसं लिहितो.

आईनं त्यांना विचारलं होतं की तुमच्यात बोललेला नवस परत घ्यायचा असेल तर काय करतात. काकूंना वाटलं गंमत करतेय. पण आई म्हणाली, "मी घाबरून बोलले होते गं. पोर मरत होतं, तोंडाला येईल ते बोलले. घाबरून दिलेला शब्द देव धरून बसत असेल का?" चर्चमध्ये कुणाला विचारायची सोय नव्हती. ओहोळ साहेबांना तर नाहीच. मला तिनं लहानपणापासून सगळ्यांसमोर देऊन टाकलेलं, आता परत कुठल्या तोंडानं मागणार? एकदा धवलदाला डबा द्यायच्या निमित्तानं स्टुडिओत आली होती, काचेतून मला काम करताना बघून गेली, मला हे माहीतही नव्हतं. काकूंना म्हणाली, तो तिथं बसलेला मी बघितलाय. असा मी त्याला चर्चमध्ये कधी बघितला नाही.

काकू म्हणाल्या, अगं उपास धर, देवाची क्षमा माग, देव काय वैरी आहे का आपला? आई म्हणाली, धरते. सुयोग तिकडे असेल तेवढे दिवस धरते. त्याला बोलावणं नाही आलं, तर मी समजेन देवानं मला मोकळं केलं. काकू म्हणाल्या, तू ओट्यापाशी उभी नको राहू, मी साबुदाणा भिजवते.

"मला काय ठाऊक रे, तुमच्यात उपास नुसत्या पाण्यावर करतात," काकू म्हणाल्या. "आमच्या एकादशीला आम्ही रोजच्यापेक्षा जास्त खातो. खिचडी घेऊन हसली माझ्याकडे बघून. मला वाटलं खाते."

त्यांना कसं सांगू की त्यात त्यांची चूक नाही. मी म्हटलं, तुम्ही खायलाच आणलं होतं ना काकू. त्या आणखी रडल्या.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला त्यांनी सांगायला नको होतं. किंवा सांगितलं ते बरं झालं, मला कळत नाही. शुक्रवारचा फोन झाल्यावर आई त्यांच्या दारात जाऊन म्हणाली, आज पण नाही ऐकू आलं त्याला, शुभा. नाचायचीच बाकी होती. शनिवारी शेवटचा फोन झाला की मी सोडणार उपास, मूगडाळीची खिचडी टाक माझ्यासाठी, त्या रात्री तुझ्याकडे जेवते. काकूंनी टाकली. कुकर उतरला. माझा फोन आला. आई त्यांच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, राहू दे. उद्या दुपारी तो निघेपर्यंत वेळ आहे. देवाचं मन अजून वळेल.

म्हणजे ती जेवणार होती. शनिवारी रात्री ती जेवणार होती. मी नुसतं खरं बोललो असतो, नाही म्हणालो असतो, तर तिनं खिचडी खाल्ली असती आणि आज घरी पेपर वाचत बसली असती. मी तिच्यासाठी खोटं बोललो. गोळ्या पण तिनं माझ्या शपथेसाठी घेतल्या, उपाशीपोटी, न चुकता. प्रभू, हे कसलं आहे? तीन दिवस मी तुला विचारत होतो, माझ्याकडून काय हवं ते सांग. आणि ती मुलुंडला घरी बसून तुला विचारत होती. तू दोघांपैकी एकाशी तरी बोलायचं होतंस.


मंगळवार, २८ जानेवारी

आई शुद्धीवर आली.

एकेकालाच आत सोडतात. डाव्या बाजूला तोंड थोडं ओढलं गेलंय, पण ओळखते. मला बघून हात उचलायला गेली. मी खूप काय काय ठरवून गेलो होतो. सगळं विसरलो. तिच्या कानाशी वाकलो.

"आई, मी खोटं बोललो. मला बोलावणं आलं नाही."

मला वाटलं तिला कळलं नाही. मी परत म्हटलं. मग तिनं विचारलं, "नक्की?"

"नक्की. कुणी बोलावलं नाही मला. नुसता समुद्र ऐकला."

तिनं डोळे मिटले. पाणी कानापर्यंत वाहत आलं, मी रुमालानं पुसलं. ओठ हलत होते, प्रार्थना करत असेल. मग डोळे उघडून अगदी रोजच्या आवाजात, शाळेतून दमून आल्यावर विचारायची तसं म्हणाली, "मग आता मी जेवू?"

मी म्हटलं, हो. धावत सिस्टरकडे गेलो. त्या म्हणाल्या, आज नाही, गिळता येतंय का ते डॉक्टर उद्या तपासतील, घास श्वासात अडकला तर पंचाईत होईल. मी हातापाया पडलो. चमचाभर पेज म्हटलं. त्या चांगल्या होत्या, पण नाहीच म्हणाल्या. ओला कापूस दिला, ओठांना लावा म्हणाल्या.

आईला सांगितलं, उद्या. काय आणू? तिनं विचार केला आणि म्हणाली, मऊ भात, वर लिंबू. दीप्तीला म्हणावं तूप नको. मग म्हणाली, "धवलला सांगितलंस तर नाही ना काही?" मी म्हटलं, नाही. "नको सांगू," म्हणाली.


शुक्रवार, ३१ जानेवारी

आई बुधवारी सकाळी गेली. हृदय बंद पडलं म्हणाले. दीप्ती डबा घेऊन खाली लिफ्टशी उभी होती.

काल दफन झालं. मंडळी सगळी आली होती. नितेश विक्रोळीहून आला आणि माझ्या गळ्यात पडून रडला. मला रडू येत नव्हतं. पेटी खाली सोडताना मी दोरीचा आवाज ऐकत होतो.

आमच्याकडे दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, मंडळीतल्या बायका डबे आणतात. इतके डबे आलेत की फ्रीज बंद होत नाही. दीप्तीनं आज फ्रीज उघडला आणि तिथंच खाली बसली. म्हणाली, सुयोग, आईला भूक लागली होती रे. मी तिला धरून बसलो. दोघं मिळून रडलो, फ्रीजचं दार उघडंच, तो बीप बीप करत होता.


बुधवार, ५ फेब्रुवारी

मावश्या येतात, माझे हात हातात घेतात. आई उपाशी होती हे हॉस्पिटलातून मंडळीत पोचलंय, आणि बाकी सगळं आपल्याला माहीत आहे असं त्यांना वाटतं. आईनं मुलाच्या पाचारणासाठी अन्नपाणी सोडलं, देवानं ऐकलं, मुलगा उभा राहिला, आणि मग समाधानानं गेली. किती सुंदर मरण, म्हणाल्या. एक म्हणाली, ही साक्ष पुढच्या पिढ्यांना सांगण्यासारखी आहे.

दीप्ती आतल्या खोलीतून ऐकत होती. त्या गेल्यावर म्हणाली, सांगून टाक त्यांना खरं काय ते. मी म्हटलं, काय सांगू? आईनं, तुमच्या साळवेबाईंनी, देवाला दिलेला मुलगा परत मागितला, तोही शेजारच्या काकूंना विचारून? शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, एक गोष्ट आहे, देवाला सगळं देतो म्हणून त्यातलं थोडं मागे ठेवणारे नवरा-बायको जागच्या जागी मरून पडतात. संडे स्कूलमध्ये आम्ही ती पाठ केलीय. आईनंच शिकवलीय. मी खरं सांगितलं तर रविवार उजाडायच्या आत ती गोष्ट आईला चिकटेल. बघा, मागे घ्यायला गेली आणि मोरीत पडली. तिच्या कबरीवर फूल ठेवताना लोक हेच बोलतील.

दीप्ती म्हणाली, मग तू काय सेमिनरीत जाणार? मी म्हटलं, आई देवाकडे जे परत मागत होती ते आता तिला मिळायला नको का?

शुभाकाकूंना जाऊन सांगितलं, काकू, आपल्या तिघांतच राहू दे. त्या म्हणाल्या, बाळा, मी कुणाला सांगू? त्यांनी आई गेली त्या दिवसापासून उपास सोडून दिलेत. सगळेच.


रविवार, ९ फेब्रुवारी

आज उपासनेनंतर आईसाठी स्मरण प्रार्थना होती. पुढच्या बाकावर मी आणि दीप्ती. सगळ्यात मागे शुभाकाकू, पहिल्यांदाच आमच्या चर्चमध्ये, चपला बाहेर काढून आलेल्या.

ओहोळ साहेब आईबद्दल फार चांगलं बोलले. शाळेतली गंमत सांगितली, लोक हसले. शेवटी म्हणाले, काचेच्या पेटीबाहेर दिलेला एका आईचा शब्द यंदाच्या जूनमध्ये पूर्ण होतोय. सुयोग, दोन शब्द बोल.

मी पुढे गेलो. माइक जवळ ओढला, सवयीनं. त्याला थोडी गुणगुण होती. समोरचं टेबल धरलं.

म्हणालो, मी सेमिनरीत जाणार नाही. मनोरीला मला कसलंही बोलावणं आलं नव्हतं, मी खोटं उभा राहिलो. मी स्टुडिओतलं काम सोडणार नाही.

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून कुजबुज सुरू झाली. परवा माझे हात धरून बसलेली मावशी मोठ्यानं म्हणाली, अरे देवा, त्या बाईनं याच्यासाठी जीव दिला. नितेश माझ्याकडे बघत होता, मी त्याला थोबाडीत मारल्यासारखा. दीप्तीनं मान खाली घातली. शुभाकाकू उभ्या राहिल्या, तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्या बसल्या.

ओहोळ साहेब माझ्या जवळ आले. रागावले नव्हते. डोळ्यांत पाणी होतं. माइक चालू आहे हे ते विसरले.

"सुयोग, तो तुझ्या आईचा शब्द आहे. ती गेली त्यावर. तू तो मोडतोयस, कळतंय ना तुला?"

"हो," मी म्हणालो. "तिनं शेवटपर्यंत पाळला. मोडतोय मी."